अपेक्षेप्रमाणे

माझ्या सासऱ्यांना कात्रणं चिकटवायची सवय होती. किराणा दुकान बंद केल्यावर रोजकीर्दीच्या कोऱ्या राहिलेल्या वह्या घरात पडून होत्या. त्यांत ते दर सोमवारी माझा लेख कापून मैद्याच्या खळीने चिकटवत आणि वर निळ्या शाईने तारीख घालत. ते गेल्यानंतर, २०२१च्या पावसाळ्यात माळा आवरताना त्या वह्या खाली आल्या. सात वह्या. जमा आणि नावेच्या लाल रेघांवर मी वर्तवलेलं बाजाराचं भविष्य.

मी नाशिकच्या एका महाविद्यालयात बँकिंग शिकवायचे आणि २००७ पासून इथल्याच एका दैनिकात दर सोमवारी ‘येत्या आठवड्यात बाजार कसा राहील’ या विषयावर सहाशे शब्द लिहायचे. पेपर तपासण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे वह्या समोर आल्या तशी लाल पेन घेऊन बसले. आपला निकाल आपणच लावू म्हटलं.

पहिल्याच वहीत अडकले. चूक मिळेना, आणि बरोबरही मिळेना. एक वाक्य जसंच्या तसं देते: ‘जागतिक बाजारांतले संकेत संमिश्र असले, तरी देशांतर्गत घडामोडी पाहता बाजारात सावध तेजी राहण्याची शक्यता आहे, मात्र वरच्या पातळीवर नफावसुली नाकारता येत नाही.’ बाजार वर गेला तर तेजी म्हटलेलीच होती. खाली आला तर नफावसुली. जागच्या जागी राहिला तर ‘सावध’ हा शब्द होताच. विद्यार्थ्याने असं उत्तर लिहिलं असतं, तर समासात ‘म्हणजे काय?’ असं विचारून मी शून्य दिलं असतं. इथं मला त्याचं मानधन मिळत होतं.

आमच्या जिल्ह्यात हवामान खात्याची टिंगल करायला वय लागत नाही. पण त्या खात्याचं एक मानावं लागतं. एप्रिल २०१५ मध्ये त्यांनी सांगितलं की पाऊस सरासरीच्या ९३ टक्के पडेल, पाच टक्के इकडेतिकडे. पडला ८६ टक्के. म्हणजे त्यांनी स्वतःच आखलेल्या हद्दीच्याही बाहेर. ते चुकले हे कुणालाही दाखवता आलं, कारण चुकता येईल असं काहीतरी ते बोलले होते. माझ्या सात वह्यांत आकडे रग्गड होते, पण असं वाक्य क्वचित.

हे सदर शिजायचं कसं, तेही सांगून टाकते. आमच्याकडे एक आर्थिक पंचांग असतं. महिन्याच्या बाराव्या तारखेला किरकोळ महागाईचा आकडा. वर्षातून सहा वेळा रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीची बैठक, आठ वेळा अमेरिकेच्या फेडची. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी अमेरिकेतल्या नोकऱ्यांची आकडेवारी. तेलाचा भाव, डॉलरचा भाव, परदेशी संस्थांनी किती विकलं, आपल्या म्युच्युअल फंडांनी किती घेतलं. वायद्यांची एक्सपायरी. शनिवारी सकाळी हे सगळं एका कागदावर मांडायचं, त्यातल्या दोन गोष्टी चांगल्या आणि दोन वाईट निवडायच्या, आणि शेवटी निफ्टीचा ‘आधार’ इतका व ‘अडथळा’ इतका असे दोन आकडे टाकायचे. बारापर्यंत मजकूर गेला पाहिजे. पानावर सहाशे शब्दांची जागा आधीच आखलेली असे. बाजारात सांगण्यासारखं काही असो वा नसो, चौकट रिकामी सोडता येत नसे. एकदा जाहिरात आयत्या वेळी रद्द झाली, तेव्हा पान लावणाऱ्याने माझ्या शेजारी साप्ताहिक राशिभविष्य बसवलं. ‘कन्या: आर्थिक व्यवहार जपून करावेत. वडीलधाऱ्यांचा सल्ला घ्यावा.’ सहकाऱ्यांनी ते पान कर्मचारी कक्षात महिनाभर लावून ठेवलं होतं.

आता लाल पेनाने ज्यांवर खूण करता आली, त्यांच्याकडे येते.

माझं नाव झालं ते जानेवारी २००८ मध्ये. आठ जानेवारीला सेन्सेक्स २०,८७३ वर बंद झाला होता, दहा तारखेला त्याने २१,२०६ला हात लावला. त्याच महिन्यात रिलायन्स पॉवरचा आयपीओ आला. आमच्या कॉलेजातल्या शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांनी अर्ज भरले होते, काहींनी सोसायटीचं कर्ज काढून. मी तोवर तीन आठवडे सलग तेजीचं गाणं गात होते. उपसंपादक म्हणाला, ‘मॅडम, दर वेळी तेच होतंय. या वेळी जरा वेगळं द्या ना.’ म्हणून वेगळं दिलं. सोमवार, २१ जानेवारीच्या अंकात माझा लेख होता: ‘थोडं थांबा, हातात पैसे ठेवा.’ त्या दिवशी सेन्सेक्स १,४०८ अंकांनी कोसळला. मंगळवारी सकाळी उघडल्या उघडल्या दहा टक्के पडला आणि व्यवहार तासभर बंद ठेवावे लागले.

फोन थांबेनात. ‘मॅडमना आधीच कळलं होतं.’ रोटरीने बोलावलं, ज्येष्ठ नागरिक संघाने बोलावलं, शाल-श्रीफळ मिळालं. सत्काराच्या भाषणात मी काय म्हणावं? परदेशी संस्थांची विक्री, अमेरिकेतली गृहकर्जं, आयपीओने शोषून घेतलेली रोकड. सगळी कारणं खरी होती. फक्त लेख लिहिताना त्यांतलं एकही माझ्या डोक्यात नव्हतं. ‘जरा वेगळं द्या’ हे खरं कारण मी आजवर कुठल्याही व्यासपीठावर सांगितलेलं नाही.

पुढच्या वर्षी उलटं झालं आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. १६ मे २००९, शनिवार, लोकसभेची मतमोजणी. निकालाच्या पानांमुळे दैनिकाने माझा मजकूर शुक्रवारी रात्रीच मागितला. मी त्रिशंकू लोकसभा गृहीत धरली आणि लिहिलं की अस्थिरता लांबेल, नवी खरेदी टाळावी. सोमवारी लोक माझा लेख वाचत चहा पीत होते, आणि तिकडे बाजार उघडून मिनिटभरही झालं नसेल तोच वरचं सर्किट लागून व्यवहार थांबले. दोन तासांनी पुन्हा उघडला, पुन्हा वरचं सर्किट, आणि त्या दिवसापुरता बाजार बंदच. सेन्सेक्स २,११० अंक वर. ज्याने माझ्यासारखाच विचार करून शुक्रवारी विकलं असेल, त्याला सोमवारी परत घ्यायची संधीसुद्धा मिळाली नाही.

घाबरत कॉलेजला गेले. कुणी अवाक्षर काढलं नाही. एकही फोन नाही, एकही पत्र नाही. मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची आज जास्त लाज वाटते. कारण पुढच्या सोमवारच्या लेखाची सुरुवात मी अशी केली होती: ‘स्थिर सरकार आल्याने बाजाराने अपेक्षेप्रमाणे जोरदार स्वागत केलं.’ अपेक्षेप्रमाणे! कोणाच्या? त्या शब्दावर लाल गोल केला आणि मग सातही वह्यांत तोच शोधत गेले. पान भरून गोल. रिझर्व्ह बँकेने दर कापला, अपेक्षेप्रमाणे. नाही कापला, तेही अपेक्षेप्रमाणे. आठवड्याआधी मी नेमकी काय अपेक्षा केली होती, ते बघायला मागचं पान उलटायचं. तिथं सावध तेजी.

‘मुळे’ या प्रत्ययाचंही असंच. ९ नोव्हेंबर २०१६च्या सकाळी बाजारासमोर दोन गोष्टी एकदम आल्या. आदल्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी पाचशे आणि हजाराच्या नोटा बाद केल्या होत्या, आणि सकाळी अमेरिकेत ट्रम्प निवडून येत होते. सेन्सेक्स सुरुवातीलाच सोळाशेहून अधिक अंक आपटला आणि संध्याकाळपर्यंत सावरून साडेतीनशेच्या आत घट दाखवत बंद झाला. दैनिकातून फोन आला: पडला कशामुळे, दोन वाक्यांत. मी सांगितलं, दोन तृतीयांश नोटाबंदी, एक तृतीयांश ट्रम्प. हे अपूर्णांक मी कुठून आणले, देव जाणे. छापून आले, आणि नंतर एका परिसंवादात कुणीतरी ते माझ्याच समोर मलाच ऐकवले.

२०१९चा सप्टेंबर मात्र मला सविस्तर सांगायला हवा, कारण त्यात दोन वेगळ्या चुका आहेत आणि दुसरी घराजवळची आहे.

चौदा सप्टेंबरला, शनिवारी, सौदी अरेबियातल्या तेल प्रकल्पांवर ड्रोन हल्ला झाला. मी रविवारी फोन करून मजकूर बदलून घेतला: तेल भडकणार, रुपया घसरणार, आठवडा जड. स्वतःच्या तत्परतेचं कौतुकही वाटलं. मंगळवारी बाजार सहाशेहून अधिक अंकांनी पडला तेव्हा तर फारच. शुक्रवारी, वीस तारखेला, वस्तू व सेवा कर परिषदेच्या बैठकीसाठी गोव्यात आलेल्या अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सकाळीच कंपनी कर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणल्याची घोषणा केली. सेन्सेक्स १,९२१ अंक उसळला. मी सौदीकडे डोळे लावून बसले होते आणि बातमी पणजीहून आली. ही पहिली चूक. तिचं मला फारसं वाईट वाटत नाही. जे कुणालाच दिसणार नव्हतं, ते मला दिसलं नाही.

दुसरी कांद्याची. एकोणतीस सप्टेंबरला केंद्राने कांद्याची निर्यात पूर्ण बंद केली. चार ऑक्टोबरला रिझर्व्ह बँकेने रेपो दर पाव टक्का कमी करून ५.१५वर आणला, सलग पाचवी कपात. मी दोन्ही गोष्टी जोडल्या आणि सात ऑक्टोबरच्या अंकात लिहिलं की निर्यातबंदीमुळे अन्नधान्य महागाई आटोक्यात राहील, व्याजदर आणखी उतरायला वाव मिळेल, एकूण वातावरण बाजाराला अनुकूल. पाठ्यपुस्तकातलं उत्तर.

सकाळी साडेआठला लासलगावहून एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन. ‘मॅडम, लेख वाचला. अनुकूल कोणाला म्हणालात?’ आवाज चढलेला नव्हता. त्यांच्या चाळीत उन्हाळ कांदा अजून पडून होता, एप्रिलपासून जपलेला, निवडून निवडून सडका बाजूला काढलेला. पाच महिने थांबल्यावर भाव आला आणि त्याच वेळी बंदी. ‘तुमचा पेपर इकडं पण येतो,’ तो म्हणाला. एवढंच.

तोवर माझ्या मनात वाचक म्हणजे डिमॅट खातं असलेला नाशिक रोडचा किंवा कॉलेज रोडचा माणूस. निफाड, येवला, चांदवडला तोच अंक जातो हे मला ठाऊक होतं, पण लिहिताना आठवत नसे. त्यांचं नुकसान माझ्या लेखात ‘दिलासा’ म्हणून आलं होतं.

आणि गंमत अशी की ते उत्तरही चुकलं. ऑक्टोबरच्या अखेरीस अवकाळी पावसाने खरिपाचा लाल कांदा शेतातच कुजवला. डिसेंबरात किरकोळ बाजारात किलोला शंभर रुपये मोजावे लागले, इजिप्त आणि तुर्कस्तानातून कांदा आणावा लागला. डिसेंबरची महागाई ७.३५ टक्के निघाली. रिझर्व्ह बँकेने त्याच महिन्यात सगळ्यांना कपातीची अपेक्षा असताना दर जागच्या जागी ठेवले. ज्या चाळीतला कांदा मी महागाईच्या आकड्यात मोजत होते, ती चाळ घरापासून दीड तासाच्या अंतरावर होती. कधी जाऊन बघितली नाही. शनिवारी बाराच्या आत ते जमण्यासारखं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत असे.

मधे एक कायद्याची गोष्ट. २०१४ मध्ये सेबीने संशोधन विश्लेषकांसाठी नियम आणले, तेव्हा मी लेखात शेअरची नावं घेणं बंद केलं. बाजाराच्या सर्वसाधारण कलाबद्दल, अर्थव्यवस्थेबद्दल बोलायला त्या नियमांत मोकळीक आहे. मला वाटलं, आता आपण सुरक्षित. नाव घेतलं नाही म्हणजे सल्ला दिला नाही. ‘हातात रोख ठेवा’ हाही सल्लाच असतो, आणि तो कुठल्याही एका शेअरच्या नावापेक्षा जास्त लोकांना लागू पडतो, हे कळायला मार्च २०२० उजाडावा लागला.

त्या महिन्याबद्दल लिहिताना अजून हात थांबतो.

तेवीस मार्च, सोमवार. आदल्या दिवशी जनता कर्फ्यू झालेला. सेन्सेक्स ३,९३५ अंक, तेरा टक्क्यांहून अधिक कोसळून २५,९८१वर बंद झाला. मंगळवारी रात्री टाळेबंदी जाहीर झाली. आमच्या भागात पेपर घरोघरी पोचणं थांबलं आणि पानाच्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरू लागल्या. माझा वाचक एका आठवड्यात वाढला. लोकांना घरात बसून दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. शुक्रवारी रिझर्व्ह बँकेने रेपो दर एकदम पाऊण टक्का कापून ४.४०वर आणला, कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलायची मुभा दिली. बाजार तोवर तळापासून बराच वर आला होता.

तीस मार्चच्या अंकात मी ठामपणे लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच ना ‘सावध’, ना ‘संमिश्र’. ही उसळी फसवी आहे. ‘मेलेल्या मांजराची उसळी’ असा इंग्रजीतून उचललेला शब्दप्रयोगही वापरला. मराठीत मांजर मेलं की कुणी ते उंचावरून टाकून बघत नाही, पण भीतीच्या दिवसांत परकी म्हणसुद्धा ज्ञानासारखी दिसते. खाली चौकटीत: एसआयपी तूर्त थांबवा, जमेल तेवढं रोखीत आणा, तळ अजून यायचा आहे.

त्या सोमवारी सेन्सेक्स १,३७५ अंक पडला. बुधवारी पुन्हा बाराशे. शुक्रवारी, तीन एप्रिलला, २७,५९०. मी बरोबर होते. चार दिवस मी अगदी बरोबर होते, आणि व्हॉट्सॲपवर ‘मॅडमनी २००८लाही सांगितलं होतं’ असे संदेश फिरत होते. जानेवारी २००८ची ती उधार कीर्ती बारा वर्षांनी व्याजासकट उपयोगी पडली.

सात एप्रिलला बाजार २,४७६ अंकांनी उसळला आणि मग तेवीस मार्चचा तळ त्याने पुन्हा कधी पाहिला नाही.

निफाड तालुक्यातले एक निवृत्त प्राथमिक शिक्षक माझे पहिल्यापासूनचे वाचक. मी त्यांना गुरुजी म्हणते, ते मला मॅडम. ऑक्टोबर २०२१ मध्ये ते मुलाबरोबर नाशिकला दवाखान्यात आले होते, तसेच घरी आले. द्राक्षांचा हंगाम नव्हता म्हणून बेदाण्याचा पुडा आणला. सेन्सेक्स तेव्हा ६२,००० ओलांडून आलेला. चहा घेता घेता म्हणाले, ‘मॅडम, आता पुन्हा चालू करू का एसआयपी?’

पुन्हा?

नातीच्या शिक्षणासाठी २०१४ पासून दरमहा तीन हजार जात होते. माझा तीस मार्चचा लेख त्यांना मुलाच्या फोनवर मिळाला. लगेच काही केलं नाही. आठवडाभर बघितलं. मॅडम म्हणतात तसंच होतंय हे शुक्रवारी दिसल्यावर त्यांनी एसआयपी थांबवली आणि साठलेली सगळी युनिट विकली. तीन एप्रिल. पैसे बँकेत मुदत ठेवीत टाकले. ज्येष्ठांचा जादा अर्धा टक्का धरूनही व्याज सहाच्या आत, आणि त्या वर्षी महागाई बहुतेक महिने सहाच्या वर. पुन्हा घ्यायला ते माझ्याच लेखाची वाट पाहत होते. तळ आला असं मी लिहीन, मग घेऊ. मी ते कधी लिहिलंच नाही. लिहिणार कशी? तळ येऊन गेला होता, आणि मी दर सोमवारी ‘मूल्यांकनं महाग आहेत’ असं लिहीत होते.

मी चुकले असते तर गुरुजींचे पैसे वाचले असते. सोमवारीच बाजार वर गेला असता, तर त्यांनी विकलं नसतं.

ते रागावले नव्हते. मला ते रागावायला हवे होते. ‘तुमचं काही चुकलं नाही हो, वेळच तशी होती,’ असं म्हणून त्यांनी दुसरा चहा मागितला.

आता यातला सगळ्यांत वाईट भाग. माझी स्वतःची एसआयपी मी थांबवली नव्हती. महिन्याच्या सात तारखेला ती आपोआप कापली जाई. एप्रिल २०२०च्या सात तारखेलाही गेली. वाचकांना ‘थांबवा’ सांगताना माझी चालू आहे हे माझ्या लक्षातच नव्हतं, आणि मे महिन्यात लक्षात आलं तेव्हा पासवर्ड विसरले होते, तो नव्याने घ्यायचा कंटाळा केला. शहाणपण, संयम, दीर्घ मुदतीचा विचार, यांतलं काही नव्हतं. कंटाळा. माझ्या पोर्टफोलिओला माझ्या आळसाने वाचवलं आणि गुरुजींच्या पोर्टफोलिओला माझ्या अभ्यासाने बुडवलं. हे मी त्या दिवशी त्यांना सांगितलं नाही. बेदाणे घेतले.

ते गेल्यावर आठवडाभराने मी एक लेख लिहिला. तारखांसकट स्वतःच्या सगळ्या चुका. दैनिकाने छापला, पण मथळा दिला, ‘बाजाराचा अचूक अंदाज कसा बांधावा?’ आणि खाली एका विमा योजनेची जाहिरात. सदर महिन्यातून एकदाच करू का, असं मी विचारलं. संपादक म्हणाले, ‘मग उरलेल्या तीन सोमवारी त्या चौकटीत काय टाकू?’ प्रश्न रास्त होता. गोड बोलून त्यांनी मला थांबवलं, आणि मानधनही थोडं वाढवलं. मी राहिले. हेही चुकांच्या यादीत घालायला हरकत नाही.

तेव्हापासून दोनच बदल केले. पहिल्या परिच्छेदात गेल्या सोमवारी काय लिहिलं होतं आणि त्याचं काय झालं ते सांगते. आणि माझे पैसे कुठे आहेत, त्यांचं मी त्या आठवड्यात काय केलं, तेही लिहिते. गुरुजींना चालू एसआयपीची गोष्ट त्या लेखातूनच कळली. त्यांचा फोन आला नाही. दोन महिन्यांनी संक्रांतीला तिळगुळाची पुडी आली, नेहमीसारखी.

जून २०२४ मध्ये मात्र फोन आला. एक जूनच्या शनिवारी दुपारी मी मजकूर दिला होता: मंगळवारी मतमोजणी आहे, बाजाराचं काय होईल मला माहीत नाही. संध्याकाळी एक्झिट पोल आले. सोमवारी सेन्सेक्स २,५०७ अंक वर. ‘मॅडम, एवढं सरळ दिसत होतं, तुम्ही काही बोललाच नाहीत,’ असे तीन-चार संदेश. मंगळवारी ४,३९० अंक खाली. मग कुणाचे संदेश नाहीत. त्याच शुक्रवारी सेन्सेक्स ७६,६९३वर होता, म्हणजे आधीच्या शुक्रवारपेक्षा साडेतीन टक्क्यांहून वर. फक्त शुक्रवार ते शुक्रवार पाहणाऱ्याला तो एक बरा आठवडा वाटला असता.

गुरुजींचा फोन मंगळवारी दुपारी तीनच्या सुमाराला.

‘मॅडम, मी काही विकलेलं नाही. तुम्ही विकलं का, एवढंच विचारायला फोन केला.’

मी गप्प. मग म्हटलं, ‘विकलं, गुरुजी. निफ्टीच्या ईटीएफची थोडी युनिट. साडेबारा वाजता.’ दिवसाचा तळ जवळपास तिथंच होता.

पलीकडून आधी काही आलं नाही, मग ते हसायला लागले. वर्गात पोराची कॉपी पकडल्यावर हसावं तसं. ‘अहो मॅडम! मग सोमवारी लिहा की हे.’

लिहिलं. शनिवारी उपसंपादकाचा फोन आला, नवा मुलगा, आधीच्यापेक्षा धीट. ‘हे तुमच्या विक्रीचं खरंच ठेवायचं का? वाचकांना काय वाटेल?’

‘ठेव.’

‘मग तीस शब्द जास्त होतायत. काय काढू?’

‘शेवटचं ते आधार आणि अडथळ्याचं काढ,’ मी म्हटलं.

‘ते कसं काढू मॅडम? लोक तेवढंच वाचतात.’